पिल्ले वाचली तर अंडे ताटात येते

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर, कारवीच्या कुडाच्या घरात, चुलीपासून दोन हातांवर एक टोपली होती आणि तिच्यातल्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, दाण्यांत नऊ अंडी अर्धी पुरून ठेवलेली होती. कोणते अंडे आधीचे आणि कोणते नंतरचे हे कळावे म्हणून प्रत्येकावर कोळशाने बारीक रेघा ओढलेल्या होत्या. दाराशी त्या घरातली तीन वर्षांची मुलगी मिरचीच्या पातळ कालवणात भाकरी कुस्करून खात बसली होती. तिचे दंड माझ्या अंगठ्याएवढे होते. मी तेव्हा पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरीत नवा होतो आणि गुरांना लस टोचायला त्या पाड्यावर गेलो होतो. मी तिच्या आईला म्हणालो, "ताई, टोपलीत नऊ अंडी आहेत, त्यातले एक रोज हिला उकडून दिले तर काय बिघडेल?" तिने माझ्याकडे बघितले आणि अगदी शांतपणे विचारले, "डॉक्टर, अंडं खाल्लं तर पिल्लू कुठून येईल?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे त्या दिवशी नव्हते. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी या तालुक्यांत, तीस वर्षांहून अधिक नोकरी केल्यावर आज मला असे वाटते की गरीब घरातली जनावरे आणि त्या घरातल्या मुलांचे पोषण यांविषयी जे काही बोलायचे आहे, ते सारे या एका प्रश्नापासूनच सुरू व्हायला हवे. त्या बाईच्या दृष्टीने ती नऊ अंडी बियाणे होती. बियाण्याची नागली दळून खा, असे मी तिला सांगितले असते तर तिने मला वेड्यात काढले असते, आणि ते योग्यच झाले असते.

गरज किती मोठी आहे, याविषयी वाद नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने हडकुळी आढळली. म्हणजे राज्यातल्या दर तीन मुलांपैकी एकाची उंची खुंटलेली आहे. आदिवासी पाड्यांवर हे पाहण्यासाठी आकडेवारीची गरज पडत नाही. अंगणवाडीच्या दारात उभे राहिले तरी पुरते.

मात्र पाड्यावरच्या जेवणात नेमके काय कमी आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे. दुधाचा प्रचार करताना आपण कॅल्शियमचे नाव पहिल्यांदा घेतो, पण १०० ग्रॅम नागलीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम. ज्या घरात दोन वेळा नागलीची भाकरी होते, त्या घरात पहिली उणीव कॅल्शियमची नसते. (रेशनच्या तांदळामुळे नागली मागे पडत चालली आहे आणि त्याची मला काळजी वाटते, पण तो स्वतंत्र विषय आहे.) उणीव असते ती चांगल्या प्रतीच्या प्रथिनांची, कारण धान्यातल्या प्रथिनांत लायसिन हा आवश्यक घटक कमी पडतो आणि उडदाची किंवा तुरीची डाळ रोज शिजत नाही, आणि उणीव असते ती बी-१२ जीवनसत्त्वाची, जे निसर्गतः प्राणिज अन्नातूनच मिळते. पन्नास ग्रॅमच्या एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, शिवाय बी-१२ आणि अ जीवनसत्त्व असते. लहान मुलाचे पोट मुठीएवढे असते. त्यात भाकरी भरून भरून किती भरणार? थोड्या जागेत पुष्कळ सत्त्व देणारे अन्न म्हणून अंड्याचे आणि दुधाचे मोल आहे.

पावसाळ्यात हे लोक भाताच्या खाचरांतले आणि ओढ्यांतले खेकडे आणि मासे आवडीने खातात, हेही येथे नोंदवले पाहिजे. प्राणिज अन्न त्यांना परके नाही. प्रश्न उरतो तो वर्षातल्या बाकीच्या महिन्यांचा.

माझ्या नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत मी यश मोजत होतो ते वाटप केलेल्या जनावरांच्या संख्येवर. एका योजनेतून काही कुटुंबांना संकरित गाई मिळाल्या होत्या आणि त्यांची निवड करण्यात माझाही हात होता. अशा गाईला दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी लागते, हिरवी वैरण लागते, खुराक लागतो. पेठ आणि सुरगाण्यात पावसाळ्यात डोंगर वाहून जातील एवढा पाऊस पडतो आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच पाड्यांवरच्या बायका हंडाभर पाण्यासाठी दरीत उतरतात. ज्या घरात माणसांच्या पाण्याची ही अवस्था, त्या घरात गाईच्या वाट्याचे पाणी कोण वाहणार होते? ते वाहिले बाईने आणि तिच्या थोरल्या मुलीने, जिची शाळा त्यासाठी बुडाली. जे काही दूध निघाले ते डेअरीला गेले, डेअरीचे खाते नवऱ्याच्या नावावर होते आणि धाकट्या मुलाच्या चहातसुद्धा दूध पडत नव्हते. वर्षभरात त्या गाईंपैकी बहुतेक विकल्या गेल्या. त्या कुटुंबांचा यात काडीचाही दोष नव्हता. निवड करणाऱ्या आम्हा लोकांनी गाय पाहिली, गोठा पाहिला, पण हंडा पाहिला नाही.

या भागाची स्वतःची गाय आहे ती डांगी. तिची कातडी तेलकट असते, त्यामुळे धो धो पावसात ती तग धरते, आणि तिचे काळे टणक खूर चिखलात आणि खडकाळ वाटेवर टिकतात. घोटीच्या बाजारात डांगी बैलांना जी मागणी असते, ती याच गुणांमुळे. दूध मात्र दिवसाला दीड-दोन लिटरांच्या पलीकडे सहसा जात नाही आणि तेही वासराला पाजून उरेल तेवढेच. हे दूध डेअरीला घालण्याइतके नसते म्हणूनच ते घरात राहते, हा तिचा एक फायदा मला फार उशिरा उमगला. तरीही गाय ज्याच्याकडे थोडी जमीन आहे त्यालाच परवडते. भूमिहीनाच्या आणि विधवेच्या घरी जे असते ते म्हणजे चार कोंबड्या आणि एखादी शेळी.

म्हणून पुन्हा त्या टोपलीकडे येतो. गावठी कोंबडी एका वेळेस दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. मग ती एकवीस दिवस अंड्यांवर बसते, पिल्ले निघाली की दोन-तीन महिने त्यांना घेऊन हिंडते आणि त्यानंतर पुन्हा अंड्यावर येते. असे वर्षातून तीन-चार वेळा होते. चार कोंबड्या, वर्षातून तीन वेळा, दर वेळी बारा अंडी, असा हिशेब धरला तर घरात वर्षाला सुमारे १४४ अंडी होतात. ही सगळी उबवायला ठेवली, तर निदान शंभर पिल्ले निघायला हरकत नाही. वर्षाअखेरीस अंगणात मात्र पुन्हा चार-पाचच कोंबड्या असतात आणि मधल्या काळात पाच-सात विकलेल्या किंवा कापलेल्या असतात. बाकीची पिल्ले गेली कुठे? काही घारीने नेली, काही मुंगसाने, काही पहिल्या पावसात भिजून गारठली, आणि उरलेली एकाच आठवड्यात मानमोडीने गेली.

मानमोडी म्हणजे राणीखेत रोग. तो विषाणूमुळे होतो, त्यावर औषध नाही, आणि तो पाड्यात शिरला की तीन-चार दिवसांत अंगणे ओस पडतात. कोंबडी सुस्त होते, हिरवट पातळ विष्ठा टाकते, मान पिळवटून एका बाजूला पाडते आणि मरते. ज्या बाईने हे दर दोन वर्षांनी पाहिले आहे ती प्रत्येक अंडे उबवायलाच ठेवणार, कारण शंभर पिल्ले काढली तर पाच जगतात असा तिचा अनुभव आहे. पिल्ले मरतात म्हणून अंडी खाता येत नाहीत. तिच्या पदरात पिल्ले जगण्याची खात्री पडल्याशिवाय तिला अंड्याचे महत्त्व सांगणे व्यर्थ आहे, आणि मला वाटते, थोडे अन्यायाचेही आहे.

ही खात्री देणारी लस फार महाग नाही. पिल्लू आठवड्याचे होण्याच्या सुमारास लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत घालायचा आणि दीड-दोन महिन्यांनी आर-टू-बी लस पंखाखाली टोचायची, एवढेच काम आहे. अडचण असते ती कुपीची. एका कुपीत किमान शंभर मात्रा असतात, बहुधा त्याहून जास्त, आणि एका घरात पक्षी असतात पंधरा. कुपी थंडच ठेवावी लागते, दोन ते आठ अंश तापमानात, आणि एकदा पाणी घालून लस विरघळवली की ती दोन तासांच्या आत संपवावी लागते. तालुक्याच्या गावाहून निघायचे, घाट चढायचा, डांबरी रस्ता संपल्यावर चालायचे आणि पाड्यावर पोहोचावे तर कोंबड्या रानात पांगलेल्या असायच्या. अनेक वर्षे माझ्या हातून निम्मी कुपी फुकट गेली आहे. शेवटी मी दिवसा जाणे सोडले. आदल्या दिवशी निरोप धाडायचा, रात्री कोंबड्या डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली, झाकलेल्या असताना पाड्यावर मुक्काम करायचा आणि पहाटे, डालगी उचलण्याआधी, कुपी फोडायची. शाळकरी मुले एकेक कोंबडी दोन्ही हातांनी छातीशी धरून रांगेत उभी राहत. चाळीस घरांच्या पाड्यावर दीड तासात काम उरकत असे. पुढे त्याच पाड्यांवरच्या दोन-तीन बायका हे काम शिकल्या. कोंबडीच्या पंखाखालची कातडी चिमटीत धरून सुई कशी घालायची हे त्या माझ्यापेक्षा सफाईने करतात, कारण कोंबडी त्यांच्या हातात फडफडत नाही.

लसीइतकेच दुसरे काम पहिल्या महिन्यातल्या राखणीचे आहे. पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे बांबूच्या डालग्याखाली ठेवून तिथेच तांदळाची कणी आणि पाणी दिले, तर घार आणि मुंगूस दोन्ही टळतात. वाळवी हा पिल्लांचा उत्तम आहार आहे आणि तो फुकट आहे: जुन्या मडक्यात ओले शेण आणि फाटक्या पोत्याचा तुकडा भरून संध्याकाळी ते वारुळाजवळ उपडे घालायचे, सकाळी त्यात वाळवी लागलेली असते आणि ती अंगणात झटकली की पिल्ले तुटून पडतात. ही युक्ती मला एका वारली आजीने शिकवली.

राखणीच्या बाबतीत मला एका गोष्टीची चिंता नेहमी वाटत आली आहे. चोर आणि जंगली मांजर यांच्या भीतीने बहुतेक घरांत कोंबड्या रात्री घरातच, स्वयंपाकाच्या कोपऱ्यात झाकतात. सकाळी तिथेच विष्ठा पडलेली असते आणि तिथेच रांगते मूल हात टेकवते. इथिओपियातील ग्रामीण घरांच्या पाहणीवरून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की कोंबड्या असलेल्या घरांतल्या मुलांची उंची तुलनेने बरी होती, पण ज्या घरांत कोंबड्या रात्री माणसांबरोबर घरात ठेवल्या जात, तिथे हा फायदा मावळत होता. मुलाला वारंवार जुलाब होत राहिले तर खाल्लेले अंगी लागत नाही, हे आपल्याकडच्या कोणत्याही आजीला ठाऊक आहे. घराच्या भिंतीला लागून, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर बांबूचे खुराडे बांधणे हा यावरचा सोपा उपाय आहे. आवाज झाला तर घरात ऐकू येतो आणि विष्ठा खाली पडून थेट खतात जाते.

आता खाण्याचा हिशेब. पिल्ले वाचू लागली की बाई बारापैकी आठ अंडी उबवायला ठेवते आणि चार मोकळी होतात. चार कोंबड्यांची अशी मोकळी अंडी वर्षाला ४८ झाली. एका मुलाला आठवड्याला एकसुद्धा पुरत नाही. हा आकडा मी मुद्दाम सांगतो, कारण चार कोंबड्यांनी कुपोषण संपेल असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. यावरचा मार्ग मात्र सुरगाण्यातल्या एका बाईने स्वतःच काढला होता. गावठी अंड्याला बाजारात पोल्ट्रीच्या अंड्याच्या जवळजवळ दुप्पट भाव मिळतो. ती आठवडे बाजाराच्या दिवशी एक गावठी अंडे विकून दोन पोल्ट्रीची अंडी घरी आणत असे. प्रथिनांच्या बाबतीत या दोन अंड्यांत फारसा फरक नसतो. अशा रीतीने तिची ४८ अंडी ९६ होत होती. मी हे पुढे अनेक पाड्यांवर सांगितले आणि ते पटायला कोणालाही वेळ लागला नाही, कारण कोंबडीचा पैसा बाईचा असतो. गाईचे दूध आणि बैलाचा सौदा पुरुषाच्या हातात असतो, शेळीच्या व्यवहारात दोघांचे मत लागते, पण अंड्याचे पैसे बाईच्या कनवटीला जातात आणि तिथून ते तेल, डाळ आणि मुलाच्या खाऊवर खर्च होतात. पोषणाच्या दृष्टीने लहान जनावर मोठ्या जनावराहून बरे, असे मी म्हणतो त्याचे मुख्य कारण हेच आहे.

अंड्याने उंची वाढते का, याविषयीही संयमाने बोलले पाहिजे. इक्वाडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे दिल्यावर त्यांची वाढ लक्षणीय सुधारल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे आफ्रिकेतल्या मलावीत तसाच प्रयोग झाला, तेव्हा उंचीत तसा फरक दिसला नाही. तिथली मुले आधीच मासे खात होती, हे त्यामागचे एक कारण सांगितले गेले. ज्या घरात प्राणिज अन्नाचा पूर्ण अभाव आहे, तिथे अंड्याचा उपयोग सर्वाधिक, असा मी यातून अर्थ घेतो. आपल्या राज्यातल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांतून मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळे देण्याची तरतूद आहे. हे अंडे आणि घरचे अंडे एकमेकांना पूरक आहेत. सात महिन्यांचे बाळ अंगणवाडीपर्यंत रोज पोहोचत नाही, आणि उन्हाळ्यात आई मजुरीला गेली की मोठे मूलही पोहोचत नाही.

अंडे घरात असले तरी ते कोणाच्या पानात पडते हा प्रश्न राहतोच. पाहुणा आला की त्याला, मग घरधन्याला, मग मुलग्याला असा क्रम मी पुष्कळ घरांत पाहिला आहे. गरोदर बाईला अंडे उष्ण पडते अशी समजूत आहे, आणि तिलाच त्याची गरज सर्वात जास्त असते. याबाबत माझ्यासारख्या परक्या पुरुषाने बोलून काही होत नाही. सासूने बोलले की होते. म्हणून मी नेहमी सासवांशीच बोललो.

त्र्यंबकच्या परिसरात माळकरी घरेही पुष्कळ आहेत. निवृत्तिनाथांच्या यात्रेला दरवर्षी पायी जाणारी ही माणसे अंड्याला हात लावणार नाहीत आणि त्यांनी तो लावावा असा आग्रह धरण्याचा अधिकार कोणाला नाही. त्यांच्यासाठी शेळी आहे. सिन्नर-संगमनेरकडची संगमनेरी शेळी दिवसाला पाऊण-एक लिटर दूध देते. डोंगरातल्या शेळ्या त्याहून कमी देतात आणि बहुतेक ठिकाणी त्यांची धार काढलीच जात नाही, सगळे दूध करडांना सोडले जाते. करडू दीड-दोन महिन्यांचे होऊन पाला खाऊ लागल्यावर सकाळची एक धार घरातल्या मुलांसाठी काढली तर करडाचे नुकसान होत नाही. एक पथ्य मात्र पाळावे: वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी शेळीचे दूध पाजू नये, कारण त्यात फोलेट हे जीवनसत्त्व फार कमी असते.

ज्याच्याकडे शेळी घ्यायला पैसे नाहीत त्याच्यासाठी आपल्याकडे अर्धलीची जुनी रीत आहे. एकाने शेळी द्यायची, दुसऱ्याने ती सांभाळायची आणि होणारी करडे निम्मी-निम्मी वाटून घ्यायची. १९४४ मध्ये प्वेर्तो रिकोला कालवडी पाठवून सुरू झालेल्या डॅन वेस्ट यांच्या हेफर या अमेरिकी संस्थेचा नियमही असाच आहे: मिळालेल्या जनावराचे पहिले मादी पिल्लू दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्यायचे. आपल्या बचत गटांनी अर्धलीला हा एक नियम जोडला, की पहिली पाट, म्हणजे पहिले मादी करडू, गटातल्या पुढच्या बाईला जाईल, तर अनुदानाची वाट न पाहता शेळ्या पाड्यात फिरू लागतात. दोन पाड्यांवर हे चालू आहे.

सगळ्यात मोठी अडचण मी शेवटी सांगतो आहे, कारण तिच्यावर माझ्याकडे पुरता उपाय नाही. भात निघाला की ही कुटुंबे दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात, गोडी छाटणीपासून, म्हणजे फळासाठीच्या छाटणीपासून, पुढची कामे संपेपर्यंत तिकडेच राहतात आणि जाताना शेळ्या मिळेल त्या भावाला विकतात. व्यापाऱ्याला त्यांची घाई ठाऊक असते. कोंबड्या काही जण टोपलीत घालून बरोबर नेतात आणि बागेच्या कडेला पालाबाहेर त्या हिंडताना दिसतात. ज्यांच्या घरी म्हातारी माणसे मागे राहतात त्यांची जनावरे टिकतात. एका पाड्यावर तीन म्हाताऱ्यांनी मिळून अकरा घरांच्या शेळ्या हिवाळाभर सांभाळल्या आणि त्याबद्दल प्रत्येक घराने त्यांना पायलीभर भात दिला. मला वाटते, या व्यवस्थेला थोडा आधार मिळाला तर ती पुष्कळ ठिकाणी रुजेल.

निवृत्त झाल्यावरही मी दर दोन महिन्यांनी बर्फाचा डबा घेऊन त्या पहिल्या पाड्यावर जातो. ज्या मुलीचे दंड माझ्या अंगठ्याएवढे होते ती आता दोन मुलांची आई आहे आणि माहेराजवळच राहते. तिच्या घरातल्या टोपलीत अजूनही नागलीत अंडी पुरलेली असतात आणि त्यांच्यावर कोळशाच्या रेघा असतात. मागच्या खेपेला त्यातल्या चार अंड्यांवर रेघ नव्हती. मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "ती पोरांची, डॉक्टर. ती मोजायची नाहीत."